'हारुका ३' खेळायला घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे निरोप साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला: "ताई, हा गेम कुठून सुरू करू?" दुसरा, आठवड्याभराने: "ताई, सगळे मेले." दोन्हींची उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. कथेचा शेवट फोडलेला नाही. सुरुवातीचा एक धक्का मात्र सांगावाच लागतोय, कारण तो कळल्याशिवाय लोक गेम अर्ध्यात सोडून देतात.

हा नेमका कसला गेम आहे?

पूर्ण नाव 'हारुकानारु तोकी नो नाका दे ३'. मराठीत 'फार दूरच्या काळात' असं काहीसं होईल. जपानच्या कोएई कंपनीतल्या 'रुबी पार्टी' या गटाने तो डिसेंबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणला. जपानीत या प्रकाराला 'ओतोमे गेम' म्हणतात. ओतोमे म्हणजे तरुण मुलगी. नायिका तुम्ही, भोवती पुरुषमंडळी, आणि कुणाशी सूत जुळतं ते तुमच्या उत्तरांवर ठरतं. बरेचसे ओतोमे गेम म्हणजे नुसतं वाचन असतं. इथे त्याच्या जोडीला फिरणं, लढणं, ताकद वाढवणं हा रोल-प्लेइंगचा सगळा संसार आहे.

नायिका नोझोमी कासुगा, आजच्या जपानमधली शाळकरी मुलगी. पावसाळी दिवशी शाळेत तिला एक अनोळखी लहान मुलगा दिसतो आणि पुढच्याच क्षणी ती दुसऱ्या जगात जाऊन पडते. तिच्यासोबत शेजारचे दोन भाऊ, मासाओमी आणि युझुरु, हेही ओढले जातात. ते जग बाराव्या शतकातल्या जपानसारखं आहे. गेन्जी आणि हेइके या दोन घराण्यांचं युद्ध पेटलंय, आणि हेइके आपल्या मेलेल्या माणसांना 'ओन्र्यो' म्हणजे अतृप्त आत्मे म्हणून उठवून रणात उतरवताहेत. नोझोमी असते श्वेत नागाची, म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनची, पुजारीण. त्या आत्म्यांना शांत करणं फक्त तिलाच जमतं.

युद्धाचे गेम काढणारी कंपनी प्रेमकथेत कशी शिरली?

कोएईचं नाव झालं ते 'नोबुनागाची महत्त्वाकांक्षा' (१९८३) सारख्या इतिहासातल्या डावपेचांच्या गेमवर. कंपनीच्या सहसंस्थापक केइको एरिकावा यांना मुलींसाठी गेम हवा होता. त्यासाठी बायकांचा वेगळा गट उभा राहिला, तीच रुबी पार्टी. त्यांचा 'अँजेलिक' १९९४ मध्ये निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या मशीनवर आला. ओतोमे प्रकाराची सुरुवात तिथून धरतात. 'हारुका' मालिका २००० मध्ये सुरू झाली. इतिहासाची पुस्तकं त्या ऑफिसात आधीपासून पडलेली असणार, हा माझा आपला अंदाज. पण तिसरा भाग खेळताना तो पटतो.

आधी पहिला आणि दुसरा भाग खेळावा लागेल का?

नाही. प्रत्येक भागात नवी नायिका, नवा काळ. पहिले दोन हेइआन दरबाराच्या वळणाचे, चौथा पुराणकाळातला, पाचव्यात शोगुनशाहीची अखेर, सहावा ताइशो काळाचा (विसाव्या शतकाची सुरुवात) आणि २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आलेला सातवा सेंगोकु काळाचा (सरदारांच्या आपसातल्या लढायांचा). कायम राहतात ते नाग, पुजारीण आणि तिचे आठ रक्षक.

त्या आठांना 'हाचियो' म्हणतात, शब्दशः आठ पानं. शिंगोन बौद्ध पंथातल्या गर्भधातू मंडलाच्या मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ असतं, त्यालाही हाच शब्द आहे. मंडलाचं नाव संस्कृत आहे, तेव्हा आपल्याला अगदीच परकं वाटायला नको.

गंमत म्हणजे आठ रक्षकांचे आवाजही मालिकेत वर्षानुवर्षं त्याच आठ कलाकारांचे होते: शिनइचिरो मिकी, तोमोकाझु सेकी, नाओझुमी ताकाहाशी, कोकी मियाता, शिगेरु नाकाहारा, काझुहिको इनोउए, सोइचिरो होशी, अकिरा इशिदा. एका भागात ज्याच्यावर जीव जडला त्याचाच आवाज पुढच्या भागात दुसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकू येतो. सवय व्हायला वेळ लागतो.

पहिल्याच फेरीत सगळं हरलो. माझं काय चुकलं?

काही नाही. पहिल्या फेरीत तुमचं पानिपत व्हायचंच असतं. उत्तरं कशीही द्या, कितीही लढा, सोबती एकेक करून जातात, क्यो शहर जळतं, आणि श्वेत नाग नोझोमीला वाचवून एकटीलाच आपल्या जगात परत पाठवतो. त्याने दिलेला एक खवला तेवढा तिच्या हातात उरतो. गेम इथे सुरू होतो.

नागाच्या अंगावर उलटा वाढलेला हा एक खवला. पूर्वेकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे त्याला हात लावला तर नाग चवताळतो. जपानीत वरिष्ठांचा राग ओढवून घेण्याला अजूनही 'उलट्या खवल्याला हात लावणं' म्हणतात. गेममध्ये त्याच खवल्याच्या बळावर नोझोमी काळात मागे उडी मारते. इथून पुढे प्रकरणांचा एक नकाशा उघडतो. हव्या त्या प्रकरणात परत जायचं, पूर्वी कळलेली गोष्ट वापरायची आणि घडलेलं नशीब खोडून त्यावर दुसरं लिहायचं.

आता एकच प्रसंग जवळून दाखवते. चेरीच्या पाकळ्या गळताहेत. सेनापती कुरो म्हणतो, रणांगणावर यायचं असेल तर ही पाकळी हवेत असतानाच तलवारीने कापून दाखव. या कौशल्याला 'हानादाची' म्हणतात, म्हणजे फूल छेदणं. पहिल्या वेळी नोझोमीला ते येत नाही. ती रिझवान या अबोल गुरूकडे जाते, झगडते, शिकते. मग सगळं जळून जातं, ती मागे येते. तीच झाडं, त्याच पाकळ्या, कुरोची तीच अट. ती पातं फिरवते आणि पाकळीचे दोन तुकडे होतात. कुरो थक्क होऊन बघत राहतो. तुम्हाला हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात कालवतं, कारण ज्या माणसाला आपण मरताना पाहिलं तो आपल्याला आज पहिल्यांदा भेटतोय.

म्हणून विनवणी: पहिल्या फेरीत गाइड उघडू नका. वाचवायचा मार्ग आधी शोधू नका, तो नाहीच. ते हरणं नीट अंगावर आलं नाही तर पुढच्या पन्नास तासांत नोझोमी एवढी हट्टाला का पेटलीये ते कळणार नाही.

मला जपानचा इतिहास येत नाही. अडेल का?

गेम समजायला अडत नाही. रडायला अडतं.

जपानी खेळाडूला शेवट शाळेपासून पाठ असतो. युद्ध ११८० ते ११८५ चं. ११८३ मध्ये हेइके बाल सम्राट आंतोकुला घेऊन राजधानी सोडतात. ११८४ मध्ये आजच्या कोबेजवळ इचिनोतानीला त्यांचा मोड होतो. मग याशिमा, आणि ११८५ मध्ये दान-नो-उराची सामुद्रधुनी, जिथे आजी त्या पोराला कुशीत घेऊन समुद्रात उडी टाकते. गेन्जींना जिंकून देणारा योशित्सुनेही सुटत नाही. थोरला भाऊ योरितोमो त्याच्यावर उलटतो आणि ११८९ मध्ये उत्तरेत हिराइझुमीला त्याचा अंत होतो. गेममधला कुरो तो हाच, मिनामोतो नो कुरो योशित्सुने (मिनामोतो म्हणजेच गेन्जी). कुरो म्हणजे नववा मुलगा.

हे सगळं आंधळे भिक्षू बिवा नावाच्या तंतुवाद्यावर गात गावोगाव फिरले, आपल्याकडे शाहिरांनी पोवाडे पोचवले तसे. हरलेल्याबद्दल वाटणाऱ्या ओढीला जपानीत 'होगान-बिइकी' असा खास शब्द आहे. होगान हा योशित्सुनेचा हुद्दा. जिंकला कोण ते माहीत असूनही कर्णाकडे झुकणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि ज्या हेइके-गाथेतून हे सगळं आलं, तिच्या पहिल्याच ओळीतली घंटा आहे गिओन शोजाची. गिओन शोजा म्हणजे श्रावस्तीचा जेतवन विहार, आजच्या उत्तर प्रदेशातला. त्याच जोडीला शालवृक्षाची फुलं येतात, ज्या झाडांखाली बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं. जपानच्या सर्वांत लाडक्या पराभवाची गोष्ट आपल्याकडच्या एका विहारात सुरू होते. मला हे कळलं तेव्हा गेम तसाच थांबवून मी अर्धा तास नकाशा बघत बसले होते.

खरं किती आणि कल्पना किती?

माणसं बरीचशी खरी, स्वभाव मोकळ्या हाताने रंगवलेले. नोझोमी, मासाओमी, युझुरु, रिझवान हे कल्पित.

हेइकेंचा आत्सुमोरी खरा. इचिनोतानीला कुमागाइ नाओझानेने त्याला मारलं तेव्हा पोरगा सोळा-सतराचा होता, आणि त्याच्याजवळ बासरी निघाली. कोबेच्या सुमादेरा मंदिरात त्याची म्हणून एक बासरी आजही जपलेली आहे. गेममधला आत्सुमोरीही बासरी वाजवतो, हळू बोलतो, कुणाच्या फार जवळ येत नाही. का, ते तुमचं तुम्ही शोधा.

काजिवारा कागेतोकीवर गेमने मोठी मेहेरबानी केलीय. जपानी लोककथांत तो योशित्सुनेची चुगली करणारा खलनायक. इथे तो गाणं गुणगुणत कपडे धुणारा, यंत्रं जोडत बसणारा, बहिणीचं ऐकून घेणारा हसतमुख दादा आहे. दोरीवर धुणं वाळत घालून खूश होणारा सामुराई मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पण चुगलीची गोष्ट माहीत असलेला खेळाडू त्या हसण्याकडे संशयानेच बघतो, आणि लिहिणाऱ्यांनी नेमका तोच धागा पकडलाय.

हिनोए म्हणजे कुमानोच्या देवस्थानांचा प्रमुख तान्झो. हेइके-गाथेत कोणाच्या बाजूने लढावं हे ठरवायला तान्झो कोंबड्यांची झुंज लावतो. पांढरे कोंबडे गेन्जींचे, तांबडे हेइकेंचे. पांढरे जिंकतात, आणि तो आपलं आरमार घेऊन गेन्जींना मिळतो. तानाबे गावातल्या त्या देवळाचं नावच 'कोंबडझुंजीचं देऊळ' आहे. दंतकथेत योशित्सुनेचा साथीदार बेंकेई हा कुमानोच्या प्रमुखाचा मुलगा. गेमने नातं फिरवून बेंकेईला हिनोएचा काका केलं. पुतण्या काकाला चिडवतो ते प्रसंग ऐकण्यासारखे आहेत.

आणि हेइकेंचा प्रमुख कियोमोरी? तो ११८१ मध्ये तापाने गेला. गेममध्ये मात्र हेइकेंच्या छावणीत तो आहे. बाकी तिथे जाऊनच बघा.

लढाई अवघड आहे का?

नाही, पण पंचतत्त्वांचं गणित नीट लक्षात ठेवा. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण 'पाच तत्त्वं' म्हटलं की आपण पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश धरून चालतो. ही चिनी पद्धतीची पाच आहेत: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वारा नाही, आकाश नाही.

कोण कोणाला मारक ते असं लक्षात ठेवा. झाडाची मुळं माती फोडतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातूची कुऱ्हाड झाड तोडते. मी हे एका वहीच्या मागच्या पानावर गोल काढून ठेवलं होतं. अजून कामाला येतं.

आत्म्यांना नुसतं मारून भागत नाही, नोझोमीकडून त्यांना शांत करवावं लागतं. तिच्या हातात स्वतःची तलवार आहे हे विसरू नका. आधीच्या दोन भागांतल्या नायिका अशा तलवार घेऊन पुढे होत नव्हत्या. तिला मागे ठेवून खेळणारे बरेच भेटतात, का कोण जाणे.

कोणापासून सुरुवात करू?

मन जिथे ओढेल तिथून. तरी विचारताच आहात तर: आधी कुरो, म्हणजे युद्धाचा सांगाडा कळतो. मग युझुरु. हा एका वर्षाने धाकटा शेजारी तिरंदाजी करतो, स्वयंपाक करतो, तिच्यासाठी मधाचं पुडिंग बनवतो, आणि स्वतःला पडणाऱ्या स्वप्नांबद्दल चकार शब्द काढत नाही. मासाओमी आणि रिझवान शेवटी ठेवा. त्या दोघांच्या गोष्टी आधी कळल्या तर बाकीच्यांच्या गोष्टीतलं गूढ विरतं. बेंकेईवर विश्वास ठेवायचा की नाही याचं उत्तर मी देणार नाही.

आणि तोमोमोरी?

हा प्रश्न यायचाच. तोमोमोरी शत्रूपक्षातला, आठांत नाही, तरी त्याचे चाहते आठांच्या चाहत्यांना भारी पडतात. आळसावलेला आवाज, दोन तलवारी, जगण्याचा कंटाळा. इतिहासातला तोमोमोरी दान-नो-उराला सगळं संपलेलं पाहून समुद्रात उतरला.

तो आवडला असेल तर २००५ चा जोडभाग 'इझायोइकी' हवाच. इझायोइ म्हणजे सोळाव्या रात्रीचा चंद्र, आपल्या हिशेबात कृष्ण प्रतिपदेचा. पौर्णिमेपेक्षा तो जरा उशिरा वर येतो, उगवायला कचरतो, म्हणून कचरण्याच्या शब्दावरून त्याचं हे नाव. कथेचा मोठा भाग हिराइझुमीत घडतो. योशित्सुनेचं तिथे काय झालं ते वर वाचलंच आहे, तेव्हा रुमाल जवळ ठेवा. २००६ चा 'उन्मेइ नो लॅबिरिन्थ' हा त्यानंतरचा. तो हलकाफुलका आहे, नंतर खेळला तरी चालेल.

कोणत्या मशीनवर खेळू?

मूळचा प्लेस्टेशन २ वर आहे, पण त्याच्या जपानी डिस्क आपल्याकडच्या मशीनवर चालत नाहीत. २०१७ मध्ये 'अल्टिमेट' नावाने प्लेस्टेशन व्हिटासाठी नवी आवृत्ती आली. व्हिटाला प्रदेशाचं कुलूप नाही, त्यामुळे इथे घेतलेल्या मशीनवर जपानी कार्ड बिनतक्रार चालतं. मी जुन्या मालाच्या एका दुकानातून मागवलं तेव्हा नुसतंच कार्ड आलं, डबीही नाही आणि पुस्तिकाही नाही. विकणाऱ्याकडून फोटो मागून घ्या, एवढंच सांगेन.

जपानी किती यायला हवं?

इंग्रजीचं बटण शोधू नका, गेम अधिकृतपणे फक्त जपानीत आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी झाली असेल तर शब्दकोश मांडीवर ठेवून रेटता येतो, एन-२ ला मजा यायला लागते. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांना एक सूचना: क्लासमध्ये शिकलेली भाषा इथे अर्धीच उपयोगी पडते. हुद्दे, घराण्यांची नावं, जुनी क्रियापदं यांची वेगळी वही करा. संवाद आवाजात आहेत, त्यामुळे चित्रलिपी अडली तरी कान मदत करतो. आपल्या भाषेचा इथे एक फायदा आहे. कर्ता, कर्म, क्रियापद हा जपानी क्रम मराठीसारखाच, शिवाय आपल्या 'ना' सारखा वाक्याच्या शेवटी लागणारा 'ने' आहे. इंग्रजीतून विचार केला नाही तर वाक्य पटकन उलगडतं.

जपानी अजिबात येत नाही. मग?

मग 'हाकुओकी' घ्या. क्योतोतल्या शिन्सेनगुमी या १८६३ च्या तलवारबाज पथकाची कल्पनारम्य गोष्ट. मूळ जपानी गेम २००८ चा, अधिकृत इंग्रजी आवृत्ती २०१२ पासून. त्यात लढाईची यंत्रणा नाही, निव्वळ वाचन आहे. हरणाऱ्या बाजूवर जीव लावण्याचा कार्यक्रम मात्र तोच.

मुलग्यांनी खेळलं तर चालेल का?

चालेल की. माझ्या ओळखीत एकाने इतिहासासाठी सुरू केला. तो कागेतोकीच्या धुण्यापाशी अडकलाय.

घरच्यांसमोर खेळता येईल का?

खुशाल. मिठी, लाजणं, चंद्राखालची लांबलचक वाक्यं, बस. माझ्या आईने एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "हा एवढा बोलतोय, लढाई थांबलीये का?" थांबली नव्हती.

सेव्ह किती ठेवू?

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक, वेगळ्या जागेत. नकाशावरून मागे जाता येतं म्हणून एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सेव्ह करायचा मोह होतो, तो टाळा. आणि पहिली फेरी संपते तिथलं सेव्ह, शहर जळतंय तिथलं, कधीच पुसू नका. माझं व्हिटाच्या कार्डावर अजून तसंच आहे, पहिल्या क्रमांकावर.